कंपवात : मेंदूचे चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही

तलासरी तालुक्यातील झाई हे गुजरातच्या सीमेला लागून असलेले मच्छीमारांचे गाव. जाळे विणणे, दोर ओढणे, डुलत्या होडीत तोल सांभाळून उभे राहणे ही येथील नित्याची कामे. कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, नेमक्या याच हालचालींवर घाला घालतो. जाळ्याची गाठ मारण्यास वेळ लागू लागतो, चालताना एक हात हलेनासा होतो, स्वस्थ बसले असता बोटे थरथरतात. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करतात. क्वचित व्यसनाचा संशयही घेतला जातो. पुढे आजाराचे नाव कळते, तेव्हा पहिला प्रश्न येतो : ‘मेंदूचा फोटो काढावा लागेल काय?’ मुंबईची खेप, बुडणारी मजुरी आणि तपासणीचा खर्च यांचा विचार करता या प्रश्नाचे नीट उत्तर मिळणे आवश्यक आहे.

आजार कोठे असतो?

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग असतो. तेथील पेशी आपल्या लांब तंतूंद्वारे स्ट्रायटम या भागास डोपामिन पुरवतात आणि त्यायोगे हालचालींचा वेग व सहजता राखली जाते. या पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणे उघड होईपर्यंत तंतूंचा बराच मोठा हिस्सा निकामी झालेला असतो.

चित्रे कोणती?

सीटी स्कॅन व नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतात. कंपवातात ही चित्रे बहुधा सर्वसाधारण येतात. मग ती काढावयाची कशासाठी? पक्षाघाताचे लहान झटके, गाठ किंवा मेंदूत साचलेले पाणी यांमुळेही चाल मंदावू शकते. ही कारणे वगळण्यासाठी या तपासण्या उपयोगी पडतात.

डोपामिनची कमतरता प्रत्यक्ष पाहावयाची तर किरणोत्सारी द्रव्याची सूक्ष्म मात्रा शिरेतून द्यावी लागते. १९८३ मध्ये कॅनडातील संशोधकांनी फ्लोरिनयुक्त डोपाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिनचे चित्र प्रथम मिळवले. आपल्या देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र २००२ साली मुंबईत, परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. मात्र या फ्लोरिनची शक्ती सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून ते दूरवर नेणे कठीण असते. टेक्नेशियमची शक्ती निम्मी होण्यास सहा तास लागतात. त्यापासून बनवलेले ट्रोडॅट हे द्रव्य डोपामिनच्या तंतूंना चिकटते आणि स्पेक्ट पद्धतीच्या गॅमा कॅमेऱ्याने त्याचे चित्र घेता येते. इंजेक्शननंतर काही तास थांबावे लागत असल्याने रुग्णाने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

चित्र आणि हालचाल

निरोगी माणसाच्या चित्रात दोन्ही बाजूंस स्वल्पविरामासारखे दोन तेजस्वी ठिपके दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी प्रथम विरते आणि पूर्णविरामासारखा गोल ठिपका उरतो. बहुधा एका बाजूस हा बदल अधिक असतो. उजवा हात मंदावला असेल तर मेंदूच्या डाव्या बाजूचा ठिपका अधिक फिकट दिसतो. हालचालींतील मंदपणा व ताठरपणा यांचा या फिकेपणाशी बऱ्यापैकी मेळ बसतो. कंपाच्या तीव्रतेशी मात्र तितकासा बसत नाही.

उपयोग आणि मर्यादा

कप उचलताना वा लिहिताना होणाऱ्या, पुष्कळदा आनुवंशिक अशा कंपात हे चित्र सर्वसाधारण असते. उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड, चक्करीसाठी दीर्घकाळ घेतलेले सिनारिझिन किंवा काही मानसोपचाराची औषधे यांमुळेही हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात. तेथेही चित्र सहसा सर्वसाधारण येते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बंद केल्यावर अनेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात. अशा रुग्णास आयुष्यभराच्या चुकीच्या निदानातून सोडवणे, हा या तपासणीचा मोठा लाभ होय.

परंतु कंपवाताशी साम्य असणाऱ्या इतर काही मेंदूविकारांतही हे ठिपके फिकट होतात. त्यांतील भेद हे चित्र दाखवू शकत नाही. औषधाची मात्राही चित्रावरून नव्हे, तर रुग्णाच्या हालचालींवरून ठरते. लक्षणे स्पष्ट असतील आणि लेव्होडोपा या औषधाने चांगला गुण येत असेल, तर बहुतेकांना या स्कॅनची गरज भासत नाही.

याचा बोलका दाखला मुंबईतच आहे. तेथील पारशी वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची पाहणी डॉ. भरुचा व सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. तीत कंपवाताचे ४६ रुग्ण, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८, आढळले. घरोघरी विचारलेले प्रश्न आणि तज्ज्ञांनी केलेली प्रत्यक्ष तपासणी यांवर ही मोजणी उभी होती.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, घरातील कोणाची चाल मंदावली, अक्षर बारीक झाले वा एक हात हलेनासा झाला, तर स्कॅनसाठी पैसे जमेपर्यंत थांबू नये. प्रथम डॉक्टरांकडे जावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत. कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. चित्राची गरज आहे किंवा नाही, हे त्या तपासणीनंतर ठरवता येते.