आग्रा रोडवरून आलेला धोटा

भिवंडीच्या निजामपुऱ्यात एखाद्या कारखान्याच्या दारात उभं राहून नुसतं नाव विचारायचं म्हटलं तरी ओरडावं लागतं. आत माग चालू असतात. शंभर डेसिबलच्या आसपासचा खडखडाट बारा बारा तास कानांवर आदळत असतो, त्यामुळे आतली माणसं बोलतात ती बरीचशी ओठांनी आणि हातांनी. महापालिकेच्या अधिकृत नावात भिवंडीच्या जोडीनं ‘निजामपूर’ अजून शाबूत आहे. बाहेरच्यांना मात्र हे गाव माहीत असतं ते गोदामांसाठी आणि ट्रॅफिकसाठी.

कोकणी मुसलमान, आगरी, कोळी ही इथली जुनी वस्ती. मागांचा आवाज बाहेरून आला. १८५७ चं बंड मोडल्यावर इंग्रजी फौजांनी गंगेच्या खोऱ्यात सूड उगवला. अलाहाबाद, बनारस, आझमगड, मऊ या भागांतल्या विणकरांनी घरंदारं सोडली आणि मुंबई-आग्रा रस्त्यानं ते दक्षिणेकडं चालत सुटले. कुणी बुऱ्हाणपूरला थांबलं, कुणी धुळ्याला, कुणी मालेगावला. काही जण कसारा घाट उतरून भिवंडीत पोचले. सगळेच बंदुकीच्या भीतीनं निघाले असं नाही. मँचेस्टरच्या स्वस्त कापडानं धंदा आधीच बसवला होता आणि पुढच्या दुष्काळांनीही माणसं हलवली. पण घराघरांतून सांगितली जाते ती सत्तावन्नचीच गोष्ट.

अशा वेळी कारागीर सोबत काय नेतो? विणकराचा खड्डामाग जमिनीत पुरलेला असतो. पाय सोडायचा खड्डा काही डोक्यावर घेऊन पळता येत नाही. फार तर धोटा आणि फणी बोचक्यात बसते. कुंभाराची अडचण त्याहून मोठी, कारण त्याची भट्टी मागं राहते आणि मातीही.

याचं एक ठळक उदाहरण म्हणजे डेव्हिड ओहानेसियन. तुर्कस्तानातल्या कुताह्या गावचा हा आर्मेनियन कारागीर रंगीत चिनीमातीच्या फरशा घडवायचा. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, त्याला कुटुंबासह हद्दपार केलं गेलं आणि तो सीरियातल्या अलेप्पोत निर्वासित होऊन पडला. तिथं त्याची गाठ मार्क साइक्स या इंग्रज मुत्सद्द्याशी पडली. युद्धापूर्वी साइक्सच्या इंग्लंडमधल्या हवेलीसाठी फरशा यानंच बनवल्या होत्या. त्या ओळखीवर तो जेरुसलेमला पोचला. काम होतं ‘डोम ऑफ द रॉक’च्या झडलेल्या फरशांचं. ते काम त्याच्या हातून तडीला गेलं नाही, पण त्या निमित्तानं जेरुसलेममध्ये जी कला रुजली ती आजही तिथं विकली जाते. १९४८ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं, पुन्हा शहर सुटलं आणि १९५३ मध्ये बैरूतमध्ये तो वारला. एकाच हयातीत दोनदा सगळं मांडावं लागलं.

भिवंडीच्या विणकरांनी मांडामांड केली ती आधी लुगडी-साड्यांच्या हातमागांवर. नावही बदललं. ‘जुलाहा’ हा शब्द लोक हिणवायला वापरत, म्हणून त्यांनी मोमीन आणि अन्सारी ही नावं धरली. १९३० च्या सुमारास विजेचे माग आले. पुढं तेलंगणातले पद्मशाली विणकरही आले आणि त्यांचं पद्मानगर उभं राहिलं.

या मागाकडं जरा जवळून बघायला हवं, कारण यंत्र म्हणून ते विलक्षण हट्टी आहे. धोटा लाकडाचा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना पोलादी नाक, पोटात सुताची कांडी. मागाच्या कडेला एक लाकडी दांडा असतो. तो झटका देतो आणि धोटा उभ्या धाग्यांच्या मधल्या फटीतून पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो. फणी ठोकते, उभे धागे धरणारी वही खालीवर होते, पलीकडचा दांडा धोट्याला परत हाकलतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा हे चालतं. कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, भरलेला घालायचा, हे सगळं हातानं. एका कारागिराकडं सहा-आठ माग असतात, म्हणजे कुठली ना कुठली कांडी संपत आलेलीच. तो बघण्याआधी ऐकतो. आपल्याला सगळा एकच गोंगाट वाटतो, त्याला त्यातला एक चुकलेला ठोका वेगळा कळतो. हे कसब कुठल्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर येत नाही.

गंमत अशी की यातले बरेच माग स्वतःच निर्वासित आहेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचं काम भिवंडीकडं वळलं आणि गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इकडं आले. परळ-लालबागचं दुःख आणि भिवंडीची भरभराट एकाच मागावर विणली गेली, हे दोन्हीकडच्या लोकांना फारसं बोलायला आवडत नाही. भरभराटही अंगाला लागली नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी शहर जाळलं. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

आता माग मोडीत निघतात ते किलोच्या भावानं. एअरजेट या नव्या मागाला धोटाच नसतो. हवेचा झोत धागा ओढून नेतो, मिनिटाला सहाशेच्या वर. साध्या मागांना नवी अवजारं जोडण्यासाठी सरकारी योजना आल्या. ‘पॉवरटेक्स इंडिया’ एप्रिल २०१७ मध्ये भिवंडीतच सुरू झाली. पण त्याच्या काही महिने आधी नोटाबंदी येऊन गेली होती आणि काही महिन्यांनी जीएसटी आला. रोखीवर चालणाऱ्या गल्लीला हे झेपणारं नव्हतं. ‘मालक’ म्हणवणारे कित्येक जण स्वतःच मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मालकाचा फक्त खडखडाट आणि विजेचं बिल. शेड पाडून गाळे काढले तर भाडं बिनआवाजाचं मिळतं.

कारागीर आजही बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचाच. गावाकडं बायकापोरं, इथं एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे आठ-दहा जण, जेवण बिस्सीत. बिस्सी म्हणजे घरगुती खानावळ, पुष्कळदा एखादी बाईच ती चालवते. हिशेब महिन्याचा, पगार झाला की चुकता. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत माग थांबले तेव्हा पगार थांबला आणि बिस्सीच्या चुलीही थंडावल्या. माणसं निघाली. कुणी पायी, कुणी टेम्पोत, पुन्हा त्याच आग्रा रोडनं, या खेपेला उलट्या दिशेला. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली.

त्यातले बरेच परतले. बंद मागावर महिनोन्‌महिने ताणून राहिलेलं, दमट हवा खाल्लेलं सूत माग सुरू करताच तटातट तुटतं. एकेक तार शोधून गाठ मारत बसावं लागतं. मजुरी मीटरवर असते. गाठींचे पैसे मिळत नाहीत.