नावडते काडतूस

बंदूकवाल्यांच्या नावडत्या काडतुसांची मोजदाद करावयाची झाल्यास पहिला मान १८५७ च्या एन्फिल्ड काडतुसासच द्यावा लागेल. .५७७ इंची रायफलीची ती कागदी पुरचुंडी दातांनी फाडावयाची, दारू नळीत ओतावयाची आणि चरबी माखलेल्या कागदासह गोळी ठासावयाची. ही चरबी गाई-डुकरांची असल्याची वार्ता जानेवारीत डमडमहून पसरली. शिपायांनी वंगण स्वतःच लावावे, कागद हातांनी फाडावा, अशा सवलती सरकारने मागाहून दिल्या. परंतु संशय फिटला नाही. २४ एप्रिल रोजी मीरतेस ९० पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच, बिनचरबीच्या प्रकारची होती! ९ मे रोजी भर कवायतीत त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी वणवा पेटला.

खालसा झालेली संस्थाने, दुखावलेला धर्म यांची दारू आधीच ठासलेली होती. काडतूस ही केवळ ठिणगी. लोकांच्या तोंडी जे द्यावयाचे, ते कशाचे आहे हे आधी सांगावे. गमावलेला विश्वास मागाहून काढलेल्या हुकमांनी परत येत नसतो, हे कोणत्याही राज्यकर्त्याने विसरू नये.