रेहेकुरीचं कार्ड, भंडारदऱ्याचं कार्ड

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी हे काळविटांचं अभयारण्य. कळप उधळला की फोटोग्राफरच्या हाती मोजके क्षण असतात. सेकंदाला १० फ्रेम आणि एक रॉ फाइल २५ एमबीची धरली, तर दर सेकंदाला २५० एमबी माल तयार होतो. तो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये साठतो, मग कार्डावर उतरतो. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी; लिहिताना त्याहून कमीच. बफर तुंबतो, शटर अडतं आणि नेमकी उंच उडी हुकते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकतात. तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर आणि शटर तीस-तीस सेकंद उघडं. तासाला १२० फ्रेम, म्हणजे ३ जीबी. रेहेकुरीत एवढा माल १२ सेकंदांत होतो. काजव्यांना महागडं कार्ड लावून काही साधत नाही.

कार्डांच्या जाती अनेक झाल्या. सॅनडिस्कचं कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ मध्ये आलं. सोनीची मेमरी स्टिक, ऑलिंपस-फुजीफिल्मचं एक्सडी हीही येऊन गेली. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये आणलेलं एसडी मात्र टिकलं. त्यात क्षमतेप्रमाणे पायऱ्या आहेत: साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. आकार तोच, ३२ बाय २४ मिलिमीटर. म्हणून एसडीएक्ससी कार्ड जुन्या कॅमेऱ्यात बसतं खरं, पण कॅमेरा ते ओळखेलच असं नाही.

दुकानात गिऱ्हाईक आधी जीबी विचारतं, मग कार्डावरचा सर्वांत ठळक आकडा पाहतं. तो बहुधा वाचनाचा वेग असतो. फोटो संगणकावर उतरवताना कामी येणारा. शूटिंगला लागतो लिहिण्याचा वेग, आणि त्याची खूण कोपऱ्यात बारीक असते. ‘व्ही’पुढे ३० म्हणजे सलग चित्रण करताना सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी; ६० आणि ९० त्याच्या वरच्या पायऱ्या. कार्ड उलटं करून पाहावं: सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ असेल तर ते यूएचएस-२, मर्यादा सेकंदाला ३१२ एमबी. कॅमेऱ्यात त्याची सोय नसेल तर तेही यूएचएस-१ च्याच चालीनं चालतं. त्याहून वेगवान सीएफएक्सप्रेसला खाचच वेगळी लागते.

लग्नाच्या ऑर्डरचा हिशेब आणखी निराळा. १०० मेगाबिटचं फोर-के चित्रण सेकंदाला साडेबारा एमबीच मागतं, व्ही-३० ला ते सहज झेपतं. पण तासाला ४५ जीबी भरतात, तेव्हा इथे खरोखर जीबी मोजायचे. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहू द्यावं. अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत. आणि चुकून फॉरमॅट मारलाच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फाइलींची यादीच पुसली जाते, फोटो काही काळ तसेच राहतात. ते परत मिळण्याची आशा नवा फोटो त्यांच्यावर चढेपर्यंतच.