विमानदुरुस्तीचे शालेय शिक्षण : हातोटीपासून स्वाक्षरीपर्यंत

विमानाच्या देखभालीचे शिक्षण शाळकरी वयात देता येते, हे न्यूयॉर्कच्या ‘एव्हिएशन हायस्कूल’ने कित्येक दशकांपूर्वीच दाखवून दिले आहे. मॅनहॅटनमध्ये सुरू झालेली आणि १९५८ मध्ये क्वीन्स भागातील नव्या इमारतीत गेलेली ही सार्वजनिक शाळा नेहमीच्या शालेय विषयांबरोबर पत्राकाम, इंजिन आणि विद्युतजोडणी यांचे कार्यशाळेतील तास घेते आणि आपल्या विद्यार्थ्यांना संघीय विमानवाहतूक प्रशासनाच्या मेकॅनिक परवान्यासाठी तयार करते. या परवान्याचे दोन भाग आहेत : सांगाडा, पंख, चाके व नियंत्रणयंत्रणा यांच्यासाठी ‘एअरफ्रेम’ आणि इंजिन व पंखा यांच्यासाठी ‘पॉवरप्लांट’. त्यामुळे खरा प्रश्न वयाचा उरत नाही. कार्यशाळेतल्या तासात विद्यार्थी नेमके काय करतो आणि त्यातले काय गुणपत्रिकेत उतरते, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी रिव्हेट ठोकण्याचे काम जवळून पाहावे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन पत्रे जोडताना भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावा लागतो, भोक पाडल्यावर राहिलेली धारदार बर काढावी लागते, आणि रिव्हेटचा दांडा दुसऱ्या बाजूला व्यासाच्या साधारण दीडपट बाहेर राहील एवढ्याच लांबीचा निवडावा लागतो. मग एक विद्यार्थी हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन डोक्यावर टेकवतो आणि दुसरा पलीकडे ‘बकिंग बार’, म्हणजे पोलादाचा जड ठोकळा, दांड्यावर धरतो. दांडा चेपून तिथे दुसरे डोके तयार होते, त्याचा व्यास मूळ व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी, असा दंडक आहे. हे डोके गन धरणाऱ्याला दिसत नाही, आणि आवाजामुळे बोलणेही ऐकू येत नाही, म्हणून ठोकळा धरणारा पत्र्यावर टकटक करून सांगतो : एक टकटक म्हणजे आणखी ठोक, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे रिव्हेट बिघडला, काढून नवा घाल. कामाचा निर्णय अशा रीतीने ज्याच्या हातात गन नाही त्याच्याकडे असतो, आणि सोबत्याचे काम नाकारण्याचा हा अधिकार सोळा वर्षांच्या मुलाला वापरता येणे, हीच या धड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. गुण मात्र बहुधा तयार पत्र्यालाच मिळतात. तिसरी टकटक किती वेळा झाली, हे त्या पत्र्यावर वाचता येत नाही.

शिवाय मापात बसलेला रिव्हेट म्हणजे बरोबर झालेले काम नव्हे. जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाला १२ ऑगस्ट १९८५ रोजी झालेल्या अपघातात ५२० माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्याचे मूळ १९७८ मध्ये शेपटी धावपट्टीला घासल्यानंतर मागच्या दाबभिंतीची, म्हणजे केबिनमधील हवेचा दाब अडवून धरणाऱ्या घुमटाकार पडद्याची, जी दुरुस्ती झाली तीत होते. तिथे सलग जोडपट्टी हवी होती, पण ती दोन तुकड्यांत बसवली गेली आणि रिव्हेटच्या दोन ओळींनी वाहायचा भार एकाच ओळीवर आला. केवळ डोक्याची उंची मोजायला शिकलेल्या विद्यार्थ्याला असा दोष सापडणार नाही. तो आराखडा आणि प्रत्यक्ष काम शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच सापडेल. म्हणून पत्राकामाच्या परीक्षेत तयार आराखडा देण्याबरोबरच, चुकीच्या पद्धतीने पण नेटकेपणाने केलेली दुरुस्ती तपासायला देणे आवश्यक आहे.

सुट्या भागांच्या निवडीबाबतही हेच घडते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात वैमानिकासमोरची काच निखळून पडली, कारण ती बसवताना वापरलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा कमी व्यासाचे होते. जुना बोल्ट नमुना धरून नवे बोल्ट नजरेने जुळवले गेले होते, आणि तो जुना नमुनाच चुकीचा होता. शाळेत मात्र निदेशक योग्य बोल्ट ट्रेमध्ये मांडून देतात, त्यामुळे सचित्र भागसूचीत क्रमांक शोधून, कोठारात त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बोल्टांतून तो ओळखून आणण्याची वेळ विद्यार्थ्यावर येतच नाही. फसवे, जवळपास सारखे भाग मुद्दाम ठेवलेले कोठार उभारायला फारसा खर्च येत नाही, आणि वेळ जातो तो सत्कारणीच लागतो.

वेळेचे गणित अमेरिकेत अलीकडे बदलले आहे. २०२२ पर्यंत अशा संस्थांना किमान १९०० तासांचे बंधन होते (सामान्य विषय ४००, एअरफ्रेम ७५०, पॉवरप्लांट ७५०). ते काढून आता ज्ञान, जोखीम-व्यवस्थापन आणि कौशल्य या तीन अंगांनी प्रत्येक विषयाचे मानक ठरवले आहे. तासांची मोजणी गेली हे योग्यच झाले, परंतु हाताने काम करण्याचा अवधी त्यासोबत आटता कामा नये. सुटलेला अवधी अपुऱ्या कामाच्या हस्तांतरणाला द्यावा. हँगरमध्ये पाळी संपते तेव्हा अर्धवट काम लेखी टिपणासह दुसऱ्याच्या हाती जाते, आणि शाळेत तास संपल्याची घंटा नेमकी तशीच संधी देते. एका तुकडीने सोडलेले काम दुसरीने केवळ कार्डावरील नोंद वाचून पुरे करावे. कोणता बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्या बळाने आवळला आहे आणि कोणता नुसता हाताने लावला आहे, हे त्या नोंदीतून कळले नाही तर ती नोंद लिहिणाऱ्यालाच परत बोलावून पुन्हा लिहायला लावावी.

भारतात परवान्याचे नियम युरोपीय चौकटीवर बेतलेले आहेत आणि बहुपर्यायी लेखी परीक्षेत ७५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात नागपूरच्या मिहान परिसरात विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, आणि नागपूरच्याच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावी उत्तीर्णांसाठी विमानाचा सांगाडा व साहित्य जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम चालतो. वर सुचवलेले बदल अशा संस्थांना नव्या यंत्रांवाचून करता येतील. निवृत्त विमानावर सराव करताना कोणाचा जीव टांगणीला नसतो, म्हणून तपासणीची पायरी गळून पडते. ती टिकवायची तर प्रत्येक जॉब कार्डावर करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन विद्यार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या हव्यात, तपासणाऱ्याला काम परत पाठवण्याचा अधिकार हवा, आणि सकारण परत पाठवलेल्या कामाबद्दल त्याला गुण मिळायला हवेत, मग काम करणारा सोबती वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी का असेना.