चैत्री यात्रेची उधारी आणि पंचेचाळीस दिवस

२०१२ साली आलेला ‘एंजल टॅक्स’ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तेव्हा नवउद्योजकांचा मार्ग मोकळा झाल्याचे बरेच बोलले गेले. तुळजापुरात मात्र भागभांडवल घालणारा गुंतवणूकदार सहसा फिरकत नाही. येथील होतकरू उद्योजकाचे भांडवल अडकते ते उधारीत. म्हणून त्याच्या दृष्टीने खरी सुधारणा निराळीच आहे.

सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. तरतूद कडक, पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? अखेर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३बी(एच) घातले. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही.

कवड्यांच्या माळेचेच उदाहरण घेऊ. तुळजापूरच्या या माळेस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उद्यम नोंदणी असलेल्या एखाद्या कारागिराकडून दुकानदाराने १० फेब्रुवारीला लाखाचा माल घेतला, तर ४५ दिवस २७ मार्चलाच संपतात. चैत्री पौर्णिमा बहुधा एप्रिलात. गल्ला भरतो तेव्हा, आणि देणे चुकते होते त्यानंतर. मग ३१ मार्चच्या ताळेबंदात तो लाख नफ्यात धरला जातो. तीस टक्के दराने तीस हजारांचा कर आधी भरावा लागतो. वजावट पुढील वर्षी मिळते, हे खरे. पण हातची रोकड गेलेली असते. दुसऱ्याच्या हक्काचे पैसे हंगामापर्यंत अडवून ठेवणे अचौर्य अणुव्रतात बसते का, हा प्रश्न अर्थात कायद्याहून जुना आहे.

व्यापाऱ्यांची तक्रारही रास्त आहे. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. देताना ४५ दिवसांचे बंधन, घेताना संरक्षण नाही. हा एकतर्फीपणा दूर व्हायला हवा.

तोवर खरेदीच्या वेळीच पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावे, त्यावर ‘उत्पादन’ आहे की ‘व्यापार’ हे पाहावे आणि मुदतीचा करार लेखी करावा. तोंडी शब्दावर चाललेल्या व्यवहारास कायदा पंधराच दिवस देतो.