प्रौढ जीवनातील क्रीडाभाव आणि वारकरी परंपरा

ताणग्रस्त प्रौढास ‘लहान मूल व्हा’ असा सल्ला दिला जातो; परंतु संकोचामुळे तो आचरणात येत नाही. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रतिपादन केले की, खेळास स्वतंत्र स्थळ, काळ व नियम असतात. वारीत हेच आढळते. राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यात आहे, तेथीलच पिंपळनेरहून संत निळोबारायांची पालखी पंढरपूरला जाते. वारीतील रिंगणानंतर पावसाची व कर्जाची चिंता असलेला शेतकरीही फुगडी घालतो, हुतुतू खेळतो. वय व प्रतिष्ठा तेथे गळून पडते. कोणी कोणास हसत नाही. चिंता संपत नाही, मात्र तिच्याकडे अंतरावरून पाहता येते. तात्पर्य, प्रौढांचा क्रीडाभाव हा केवळ स्वभावगुण नसून समूहाने दिलेली मुभा होय. अध्यापकवर्गासही सल्ल्यापेक्षा अशा मुभेची अधिक आवश्यकता आहे.