आतड्याचा आजार आणि अपंगत्वाचा भत्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यावर वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात आतड्याची शस्त्रक्रिया झाली. आजार होता क्रोन्स. त्याला दोन महिने व्हायच्या आतच, १ ऑगस्टला, त्यांनी एका कायद्यावर सही केली आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेचा अपंगत्व-विमा सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडूनही आले.

एकच आजार एखाद्याला देश चालवू देतो, तर दुसऱ्याला दुकानातली एक पाळीही पुरी करू देत नाही. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दोन्ही आतड्याच्या दाहाचे जुनाट आजार आहेत. ते उफाळतात, शमतात, पुन्हा उफाळतात. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो आणि त्रास असा की चारचौघांत बोलायची चोरी. म्हणूनच या विम्याच्या भत्त्यासाठीच्या अर्जाबद्दल ऐकीव माहिती फार पसरते आणि तिच्या भरवशावर राहून खरे गरजू रुग्ण हक्काला मुकतात.

गैरसमज : निदान झालं की भत्ता मिळतो.

वस्तुस्थिती : आजाराच्या नावावर भत्ता मिळत नाही. वैद्यकीय तपासण्यांनी सिद्ध होणाऱ्या आजारामुळे माणसाला पुरेशा कमाईचं कोणतंही काम करता येत नसेल आणि ही अवस्था सलग किमान १२ महिने टिकली असेल किंवा टिकेल अशी अपेक्षा असेल, तरच सोशल सिक्युरिटी त्याला अपंगत्व मानते. पुरेशा कमाईची रेषा २०२५ साली महिन्याला १,६२० डॉलर होती. अर्जदार त्याहून जास्त कमावत असेल तर अर्ज बहुधा तिथेच अडतो, वैद्यकीय कागद उघडायची वेळच येत नाही.

गैरसमज : अपंगत्व टक्क्यांत मोजतात.

वस्तुस्थिती : ही समजूत भारतातून अमेरिकेत गेलेल्यांसोबत येते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. आतड्याचा दाह त्या २१ प्रकारांत नाही. अमेरिकी सोशल सिक्युरिटीत टक्केवारी नाही आणि अंशतः अपंगत्वही नाही. अर्जदार एकतर पात्र ठरतो किंवा ठरत नाही.

गैरसमज : त्रास किती होतो ते नीट सांगितलं की पुरतं.

वस्तुस्थिती : सांगणं महत्त्वाचं आहेच, पण आधी कागद बोलावे लागतात. सोशल सिक्युरिटीची आजारांची एक अधिकृत यादी आहे. तिच्यातलं कलम ५.०६ आतड्याच्या दाहाचं असून ते २०२३ मध्ये सुधारण्यात आलं. त्यात पात्रतेच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट आतडं अरुंद होऊन अडथळा येण्याची. त्यासाठी बारा महिन्यांत किमान ६० दिवसांच्या अंतराने दोनदा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या वाटेवर ठरलेल्या लक्षणांपैकी दोन असावी लागतात : हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी, रक्तातलं अल्ब्युमिन ३ किंवा त्याखाली, तपासताना पोटात हाताला लागणारी दुखरी गाठ, वाहणारा भगंदर किंवा गळू, आणि रोज नळीवाटे किंवा शिरेवाटे पोषण घ्यावं लागणं. तिसरी वाट वरचेवर होणाऱ्या गुंतागुंतीची : वर्षात सरासरी तीनदा, प्रत्येक वेळी किमान दोन आठवडे, आणि त्यामुळे दैनंदिन व्यवहार, लोकांत मिसळणं किंवा हातातलं काम वेळेत पुरं करणं यांपैकी एकात तरी गंभीर अडचण.

रुग्ण गाफील राहतात ते तारखांबाबत. हिमोग्लोबिन एकदा ९.२ आलं आणि नंतर सहा महिने तपासलंच नाही, तर तो आकडा एकटा पडतो. हीच तपासणी किमान ६० दिवसांनी पुन्हा केलेली असेल आणि तेव्हाही आकडा दहाच्या खाली असेल, तर तो पुरावा ठरतो.

गैरसमज : यादीत बसलं नाही की संपलं.

वस्तुस्थिती : यादीत न बसताही भत्ता मंजूर होतो. रुग्ण यादीत बसत नसेल तर त्याच्यात काम करण्याची किती क्षमता उरली आहे, हे तपासलं जातं. तो आधी करत होता ते काम आता जमेल का आणि नसेल तर वय, शिक्षण व अनुभव पाहता दुसरं कोणतं काम जमेल का, असे दोन प्रश्न विचारले जातात.

एखादी कॅशियर घ्या. तिचे रक्ताचे आकडे यादीपेक्षा थोडे बरे आहेत. पण आठ तासांच्या पाळीत तिला आठ-दहा वेळा तडकाफडकी उठावं लागतं, प्रत्येक खेपेला दहा-पंधरा मिनिटं जातात, रात्री झोप मोडते आणि महिन्यात तीन-चार दिवस तर घराबाहेरच पडता येत नाही. इतकी गैरहजेरी आणि काउंटर सोडून इतक्या वेळा जाणं कोणता मालक चालवून घेईल? अपिलाच्या सुनावणीत रोजगार-तज्ज्ञाला नेमकं हेच विचारलं जातं.

डॉक्टरांच्या नोंदीत मात्र बऱ्याचदा एवढंच असतं : ‘प्रकृती स्थिर, औषधं चालू.’ त्या चार शब्दांतून कॅशियरची पाळी दिसत नाही. शौचाला दिवसातून किती वेळा, किती घाईने आणि किती वेळ जावं लागतं, हे रुग्णाने रोज लिहून ठेवावं आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना सांगून केसपेपरवर नोंदवून घ्यावं. दैनंदिन कामांच्या एसएसए-३३७३ या फॉर्मवरही चांगल्या दिवसाचं नव्हे, तर सरसकट सगळ्या दिवसांचं खरं चित्र द्यावं.

गैरसमज : पोटावर पिशवी लागली की भत्ता नक्की.

वस्तुस्थिती : उलट सोशल सिक्युरिटीच्या नियमांत म्हटलं आहे की पोषण नीट राहत असेल आणि स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, व्यवस्थित चालत असेल, तर केवळ पिशवीमुळे काम अशक्य ठरत नाही. सॅन दिएगो चार्जर्स या अमेरिकी फुटबॉल संघाचा किकर रॉल्फ बेनिर्श्के याच्यावर १९७९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी पिशवीसह तो मैदानात उतरला आणि १९८६ पर्यंत खेळला. मात्र स्टोमा गळत असेल, शरीरातलं पाणी वारंवार कमी होत असेल, आजूबाजूची त्वचा सोलवटत असेल, तर तेही तितक्याच तपशिलाने कागदावर आलं पाहिजे.

गैरसमज : भत्ता नाही म्हणजे नोकरीतही काही हक्क नाहीत.

वस्तुस्थिती : भत्त्याचा कायदा वेगळा आणि नोकरीतल्या हक्कांचा वेगळा. अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणाऱ्या १९९० च्या अमेरिकी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यात आतड्याच्या कार्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अधूनमधून उफाळणाऱ्या आजारालाही संरक्षण आहे. किमान १५ कर्मचारी असलेल्या ठिकाणी रुग्ण स्वच्छतागृहाजवळची जागा, जादा विश्रांती किंवा घरून काम अशा सोयी मागू शकतो. किमान ५० कर्मचाऱ्यांच्या मालकाकडे पात्र कर्मचाऱ्याला वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि गरज असेल तर ती एकेक दिवस तोडूनही घेता येते. दुकानात स्वच्छतागृह नाकारल्या गेलेल्या क्रोन्सच्या एका किशोरवयीन मुलीमुळे इलिनॉय राज्यात २००५ मध्ये ‘अ‍ॅलीज लॉ’ आला. अशा रुग्णांना दुकानातलं कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरू द्यावं, असं तो सांगतो. नंतर इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

गैरसमज : अमेरिकेचं नागरिकत्व नसेल तर अर्जच करता येत नाही.

वस्तुस्थिती : न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या मराठी माणसाच्या पगारातूनही सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात. तो तिथे कायदेशीर राहत असेल आणि कमाईवर मिळणारी त्याची पुरेशी क्रेडिट्स जमली असतील, तर तो या विम्याला पात्र ठरू शकतो. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट्स मिळतात. पस्तिशीतल्या माणसाला साधारण मागच्या दहा वर्षांत पाच वर्षांचं काम लागतं, चोविशीच्या आतल्याला दीड वर्षाचंही पुरतं. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे पुण्यातल्या नोकरीची वर्षं यात धरली जात नाहीत. गरिबांसाठीची एसएसआय ही योजना वेगळी आहे, आणि नागरिक नसलेल्या बहुतेकांना ती बंद आहे.

गैरसमज : नकार आला म्हणजे विषय मिटला.

वस्तुस्थिती : पहिल्या टप्प्यावर बहुसंख्य अर्ज नाकारलेच जातात. त्यानंतर फेरविचार, प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, अपील मंडळ आणि शेवटी संघीय न्यायालय अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीसाठी निर्णयाचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते आणि तारखेनंतर पाच दिवसांत पत्र मिळालं असं धरलं जातं. मुदत हुकवून नव्याने अर्ज केला तर मागची थकबाकी बुडू शकते. वकिलाला आधी पैसे मोजावे लागत नाहीत. नेहमीच्या फी-करारात जिंकल्यावर थकबाकीच्या २५ टक्के रक्कम त्याला जाते आणि तिलाही कायद्याने कमाल मर्यादा आहे. मंजुरी मिळाली तरी अपंगत्व सुरू झाल्यापासूनचे पहिले पाच पूर्ण महिने प्रतीक्षेचे धरले जातात आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य-विम्यासाठी भत्त्याचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिने थांबावं लागतं. म्हणून काम खरोखर अशक्य झालं असेल तर अर्जाला उशीर करू नये. आणि नकाराचं पत्र घरात पडून असेल, तर त्यावरची तारीख आजच पाहावी, सर्व तपासण्यांच्या प्रती मागवाव्यात आणि मुदतीच्या आत अपील दाखल करावं.